बाटलीतला गॅस आणि ग्लासातला फेस

मँचेस्टरजवळ राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घरी २० लिटर पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, केली आणि २० अंशांवर आंबवली. बाटल्या भरण्याआधी गॅरेजमध्ये दोन दिवस २ अंशांवर ठेवून गाळ खाली बसवला. बाटलीत गॅस व्हावा म्हणून किती साखर घालायची ते सांगणाऱ्या इंटरनेटवरच्या कॅलक्युलेटरमध्ये तापमान २ अंश टाकलं, त्याने ६२ ग्रॅम साखर सांगितली. तिचा पाक करून शेवटी बादलीत ओतला, बाटल्या भरल्या आणि फेब्रुवारीच्या थंडीत परत गॅरेजमध्ये ठेवल्या. आता तीन आठवडे झाले. चारपाच बाटल्या उघडताच फसफसून बाहेर येतात, बाकीच्या बहुतेक मिळमिळीत आहेत. ज्यांत गॅस चांगला आहे त्यांचाही फेस ग्लासात अर्ध्या मिनिटात बसतो. पुढच्या वेळी साखर दुप्पट घालू का? आणि या मिळमिळीत बाटल्या उघडून त्यांत साखर घालू का?

साखर आंधळेपणाने दुप्पट करू नका. तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र झालेत. सगळ्या घाण्यात मिळून गॅस कमी पडला, हा एक. तो बाटल्याबाटल्यांत सारखा वाटला गेला नाही, हा दुसरा. आणि फेस टिकत नाही, हा तिसरा, ज्याचा पहिल्या दोघांशी फार थोडा संबंध आहे. साखर वाढवून यातला पहिला प्रश्न सुटेल, पण फसफसणाऱ्या त्या चारपाच बाटल्या पुढच्या खेपेला फुटतील. म्हणून सविस्तर लिहितोय.

मी लीड्समध्ये तेरा वर्षं घरी बिअर करतो आणि बाटल्यांतच मुरवतो. पिंप आणि गॅसच्या सिलिंडरच्या वाटेला कधी गेलो नाही, त्यामुळे या विषयातल्या जवळपास सगळ्या चुका माझ्या हातून एकदा तरी झाल्या आहेत. एक गोष्ट आधी सांगतो, कारण हे महाराष्ट्रातूनही कोणी वाचेल. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, ती विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा, १९४९ लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य करणं हा गुन्हा आहे. तेव्हा तिथल्या वाचकांनी हे माहिती म्हणून वाचावं.

आता मुद्द्याकडे. गोटी सोडा आठवा. गोटी आत ढकलली की केवढा गॅस उसळतो! फेसही वर येतो, पण ग्लास तोंडाला लावेपर्यंत नाहीसा होतो. आता घुसळलेलं ताक आठवा. त्यात दाबाने भरलेला गॅस अजिबात नसतो, तरी वरचा फेस बराच वेळ तसाच राहतो. सोड्यात बुडबुडे आहेत, पण बुडबुड्याला धरून ठेवणारं काही नाही. ताकात दुधातली प्रथिनं आहेत, ती हवेच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती कातडं धरतात. तुमच्या चांगल्या गॅसच्या बाटल्या सध्या गोटी सोडा झाल्या आहेत. बिअरला दोन्ही लागतं, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणाहून येतं. गॅस येतो साखर आणि ती आंबवणाऱ्या यीस्टकडून. फेस टिकतो माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) प्रथिनांमुळे आणि हॉप्स या फुलांच्या कडवटपणामुळे, आणि तो मोडतो तेलकट ग्लासामुळे.

याचा उत्तम पुरावा तुमच्या घरापासून तासाभरावर आहे. यॉर्कशरमधल्या पबात हँडपंपावरून ओढलेली बिटर, म्हणजे कडसर इंग्लिश एल, मागवा. त्या पिंपातल्या बिअरमध्ये लिटरला जेमतेम २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे दुकानातल्या लागरच्या निम्म्याहून कमी. तरीही तिच्यावर दोन बोटं जाड, सायीसारखा फेस येतो आणि ग्लास संपेपर्यंत आतल्या बाजूला त्याची जाळी चिकटून राहते. उत्तर इंग्लंडात पंपाच्या तोंडाशी बारीक भोकांची चकती बसवतात, तिला स्पार्कलर म्हणतात. त्या भोकांतून जोराने जाताना बिअर घुसळली जाते आणि असलेल्या थोड्याशा गॅसचे अगदी बारीक बुडबुडे होतात. म्हणजे रवीचंच काम. दक्षिणेकडच्या अनेकांना ही चकती पसंत नाही, त्यावर लोक तावातावाने भांडतात. पण तिच्यामुळे एक गोष्ट सिद्ध होते: फेस चांगला यायला गॅस भरपूर असावा लागत नाही.

आधी गॅसचा हिशोब करू, कारण तो खरोखर हिशोबच आहे. पुस्तकांत गॅस ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात. एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरला साधारण २ ग्रॅम. मला ग्रॅम सोपे वाटतात, कारण साखरही ग्रॅममध्येच मोजायची असते. पेल एलला लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास गॅस छान लागतो. इंग्लिश बिटरला ३ ते ४ पुरतो, जर्मन गव्हाच्या बिअरला ६.५ ते ७ किंवा त्याहूनही जास्त. आणि साखरेबद्दल लक्षात ठेवायची गोष्ट एकच: यीस्टने खाल्लेल्या साध्या साखरेच्या वजनाच्या साधारण निम्मा गॅस होतो, उरलेल्याचा अल्कोहोल.

आता यात एक खाच आहे, आणि तुम्ही नेमके तिथेच अडकलात. बाटली भरताना बिअरमध्ये गॅस शून्य नसतो. आंबताना तयार झालेला थोडा गॅस आत विरघळून राहतो, आणि बिअर जितकी थंड तितका तो जास्त मावतो. २० अंशांवर आंबून थांबलेल्या बिअरमध्ये लिटरला सुमारे १.७ ग्रॅम राहतो, २ अंशांवर आंबली असती तर सुमारे ३ ग्रॅम राहिला असता. कॅलक्युलेटर तापमान विचारतो ते यासाठी. त्याला हवं असतं ते आंबणं संपताना किंवा त्यानंतर बिअर जास्तीत जास्त जितकी गरम होती ते तापमान. तुमची बिअर २० अंशांवर आंबली, जादा गॅस तेव्हाच उडून गेला. नंतर दोन दिवस थंड केल्याने गेलेला गॅस परत आला नाही. भांड्याच्या रिकाम्या भागातला किंचित विरघळला असेल, तेवढंच. पण तुम्ही २ अंश लिहिले, म्हणून कॅलक्युलेटरने आत ३ ग्रॅम गॅस आहेच असं धरलं आणि साखर निम्म्यावर आणली (गॅसचं लक्ष्यही त्यात ५ पेक्षा थोडं कमी असणार).

आकडे मांडून बघा. ६२ ग्रॅम साखर २० लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ३.१ ग्रॅम. तिचा गॅस साधारण १.६ ग्रॅम. आधीचा १.७ धरून एकूण ३.३. तुम्हाला हवा होता ५. बरोबर हिशोब असा असता: ५ वजा १.७ म्हणजे ३.३ ग्रॅम गॅस कमी आहे, त्याच्या दुप्पट म्हणजे लिटरला ६.६ ग्रॅम साखर, २० लिटरला सुमारे १३० ग्रॅम. म्हणजे या घाण्यापुरतं तुमचं ‘दुप्पट’ आकड्याने बरोबर निघालं. पण उद्या तुम्ही तापमान नीट भरलंत आणि येईल त्या आकड्याची परत दुप्पट केलीत, तर लिटरला ८ ग्रॅमच्या वर गॅस होईल आणि साध्या बाटलीला तो झेपणार नाही. म्हणून कारण समजून घेणं महत्त्वाचं. आणखी एक. २० लिटर म्हणजे बादलीत प्रत्यक्ष उतरलेली बिअर. खाली गाळात दीड लिटर सोडून दिली असेल तर १८.५ धरा. साखर घरातली पांढरी चालते. ब्रूइंगच्या दुकानातला डेक्स्ट्रोज घेतलात तर त्यात पाण्याचा अंश असतो, तो सुमारे १५ टक्के जास्त घ्यावा लागतो. स्वयंपाकघरातल्या चमच्याने कधीही मोजू नका. एका चमच्यात किती साखर बसते हे चमच्यावर, साखरेच्या दाण्यावर आणि हातावर अवलंबून असतं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या.

हे सगळं एका अटीवर खरं आहे: बाटली भरताना बिअर पूर्ण आंबलेली असली पाहिजे. ही अट मी पाळली नाही, तेव्हा काय झालं ते सांगतो. दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. हायड्रोमीटर, म्हणजे बिअरमध्ये साखर किती उरली ते घनतेवरून दाखवणारी नळी, १.०१६ दाखवत होता, फुगे यायचे थांबले होते, घरी पाहुणे येणार होते, म्हणून मी बाटल्या भरून टाकल्या. त्या यीस्टने एरवी ती बिअर १.०११ पर्यंत नेली असती. हायड्रोमीटरवरचा एक अंक (०.००१) खाली उतरला की लिटरला साधारण एक ग्रॅम गॅस तयार होतो. पाच अंक राहिले होते, म्हणजे घातलेल्या साखरेच्या वर आणखी ५ ग्रॅम. बाटल्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवल्या होत्या. बाराव्या रात्री तीन फुटल्या, एकीच्या धक्क्याने दुसरी. सकाळी टॉवेलांत काचा रुतलेल्या सापडल्या. ते कपाट रोज सकाळी माझी मुलगी शाळेचा स्वेटर घ्यायला उघडायची. त्या दिवशी रविवार होता म्हणून तिने उघडलं नाही. तेव्हापासून तीन दिवस लागोपाठ आकडा तोच आल्याशिवाय मी एकही बाटली भरलेली नाही, आणि मुरणाऱ्या बाटल्या झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या पेटीत ठेवतो. फुगे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं नसतं. थंडी पडली तरी फुगे थांबतात. आणि सेझोन या बेल्जियन बिअरसाठीची काही यीस्टं इतर यीस्टांना न पचणारी लांब साखळीची साखरही सावकाश तोडत राहतात. त्यांच्या बाबतीत तीन दिवसांवरही विसंबू नका, आणखी दोन आठवडे थांबा आणि जाड काचेच्या बाटल्या वापरा.

तुमच्या फसफसणाऱ्या बाटल्यांचं कारण मात्र मला वेगळं दिसतं. घाणा पुरता आंबला नसता किंवा त्याला जंतूंचा संसर्ग झाला असता, तर बहुतेक सगळ्याच बाटल्या उसळल्या असत्या. तुमच्या चारपाचच उसळतात आणि बाकीच्या मिळमिळीत आहेत, म्हणजे साखर सारखी मिसळली नाही. पाक बिअरपेक्षा जड असतो. वरून ओतला की तो सरळ तळाशी जाऊन बसतो, आणि आपल्या बादलीचा नळही तळाशीच असतो. पहिल्या बाटल्यांत पाक जातो, शेवटच्यांत नुसती बिअर. मी पाक आधी ओततो: साखर पेलाभर पाण्यात पाच मिनिटं उकळून, निववून, रिकाम्या स्वच्छ बादलीच्या तळाशी. मग सायफनची नळी तळाशी गोलाकार टेकवून बिअर आत सोडतो, म्हणजे ती फिरत फिरत वर चढते आणि पाक तिच्यात मिसळत जातो. अर्धी भरल्यावर आणि पूर्ण भरल्यावर लांब दांड्याच्या निर्जंतुक चमच्याने अगदी हळू, वर्तुळात, पाचसहा वेळा ढवळतो. ढवळताना हवा आत जाऊ द्यायची नाही, नाहीतर महिन्याभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

एक सवय लावून घ्या, तिला पैसे लागत नाहीत. बाटल्या ज्या क्रमाने भराल त्या क्रमाने झाकणावर मार्करने आकडे घाला. पुढे काही बिघडलं तर क्रमांक बघून कारण सापडतं. १ ते ५ उसळत असतील तर पाक तळाशी राहिला. आकड्यांना काही क्रमच नसेल तर त्या ठरावीक बाटल्या आतून अस्वच्छ होत्या, किंवा झाकणं नीट बसली नव्हती. तुमच्या बाटल्यांवर आकडे नाहीत, म्हणून माझं निदान अंदाजाचं आहे. पण खालच्या नळाची बादली असेल तर मी त्यावरच भरवसा ठेवीन.

तिसरी गोष्ट गॅरेज. फेब्रुवारीत तिथे फार तर ७-८ अंश असणार. एल यीस्ट त्या थंडीत जवळजवळ झोपूनच जातं. साखर आत आहे, खाणारं कोणी जागं नाही. बाटल्या मुरवायला २० ते २२ अंश आणि किमान दोन आठवडे लागतात. बिअर ८ टक्क्यांच्या वरची असेल तर महिनाही लागतो. खूप दिवस थंडीत साठवलेली असेल तर भरताना थोडं ताजं यीस्ट घालावं लागतं. तुमचे तीन आठवडे गॅरेजमध्ये गेले, ते मी मोजतच नाही.

गॅस तयार झाल्यानंतरचीही एक पायरी आहे, जी घाईत राहून जाते. गॅस बिअरमध्येच तयार होतो, पण त्यातला काही बाटलीच्या मानेतल्या रिकाम्या जागेत साठतो, आणि बाटली थंड झाली की सावकाश परत बिअरमध्ये उतरतो. मुरलेली बाटली तासाभरासाठी फ्रीजमध्ये ठेवून उघडलीत तर ‘फिस्स’ जोरात होतं, पण ग्लासात बुडबुडे मोठे, चरचरीत येतात आणि लगेच उडून जातात. दोन-तीन दिवस सलग थंड राहू द्या. त्याच बिअरचे बुडबुडे बारीक होतात. मान दीड इंचाहून जास्त रिकामी ठेवू नका. आणि प्रत्येक घाण्यातली अर्धा लिटर बिअर सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा. ती हाताने दाबून बघता येते. भरताना मऊ असते, गॅस पुरेसा झाला की दगडासारखी कडक होते. काचेची एकही बाटली न उघडता आत काय चाललंय ते कळतं. आठवड्यातच ती बुडाशी फुगून आली तर सगळ्या बाटल्या ताबडतोब थंड करायच्या. एवढ्या सोप्या गोष्टीने माझे दोन घाणे वाचलेत.

आता फेस. मला स्वतःला हा भाग गॅसपेक्षा जास्त आवडतो, कारण यात हिशोब थोडा आणि समज जास्त लागते.

दोष ग्लासाचा की बिअरचा, हे आधी ठरवा. त्याला एक संध्याकाळ पुरते. ज्या ग्लासात तुमचा फेस बसला त्याच ग्लासात दुकानातली एखादी चांगली पेल एल ओता. तिचाही फेस बसला तर दोष ग्लासाचा. तिचा टिकला आणि तुमचा नाही, तर दोष बिअरमध्ये शोधायचा. हे न करता लोक माल्ट बदलतात, हॉप्स बदलतात, वर्ष घालवतात. माझ्याकडे मदत मागायला आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांचा दोष ग्लासाचाच निघाला, आणि त्यात आपली मराठी घरं पुढे होती. त्याला कारण आहे. आपण रोज फोडणी करतो. तेल तापतं, मोहरी तडतडते आणि तेलाचा बारीक धूर घरभर फिरतो. उघड्या फळीवर उपडे ठेवलेल्या ग्लासांवरही तो बसतो. हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही, पण बुडबुड्याचं प्रथिनांचं कातडं फाडायला तेवढं तेल पुरतं. शिवाय ओट्यावरच्या फडक्याने ग्लास पुसायची सवय. त्या फडक्यात तर तेल असतंच.

डिशवॉशरही फेसाचा शत्रू आहे. ग्लास चकचकीत दिसावा म्हणून त्यात जो द्राव घालतात तो काचेवर पातळ थर ठेवतो, आणि तो थर फेस मोडतो. बिअरचे ग्लास वेगळे ठेवा. गरम पाण्यात, थोड्या वॉशिंग सोड्याने, त्यांच्यासाठीच ठेवलेल्या स्पंजने धुवा, भरपूर पाण्याने विसळा आणि न पुसता जाळीवर उपडे वाळवा. झाल्यावर बघायची खूण सोपी: ग्लास आतून ओला करून तिरका धरा. पाण्याचा अखंड पापुद्रा काचेवरून उतरला तर ग्लास स्वच्छ. थेंब थेंब होऊन पाणी फुटलं, तर तिथे तेल आहे. ओल्या ग्लासावर मीठ भुरभुरवूनही कळतं, तेलकट जागी मीठ चिकटत नाही. ओतायच्या आधी ग्लास गार पाण्याने एकदा विसळून घ्या.

आणि चखणा. तळलेले शेंगदाणे, चकली, कांदाभजी खाऊन तेलकट ओठ ग्लासाला लावले की पहिल्या दोन घोटांत फेस खाली बसतो. भजी सोडा असं मी म्हणणार नाही, मी स्वतः सोडत नाही. पण फेस तपासायचा असेल त्या दिवशी पहिला ग्लास रिकाम्या तोंडाने प्या. भाजलेले फुटाणे चालतात.

समजा ग्लास स्वच्छ आहे आणि तरीही फेस बसतो. मग तुमच्या कृतीत एक ओळ मला खटकली. माल्ट पाण्यात आधी अर्धा तास ५० अंशांवर ठेवलं, मग ६६ ला नेलं, असं तुम्ही लिहिलंय. प्रथिनं तोडण्यासाठीचा हा अर्धा तास, म्हणजे प्रोटीन रेस्ट, जुन्या पद्धतीची आहे. पूर्वी माल्ट कमी मुरलेलं यायचं, तेव्हा तिची गरज होती. आजच्या ब्रिटिश पेल माल्टमध्ये प्रथिनं हवी तेवढी आधीच सुटलेली असतात. त्यांना पुन्हा ५० अंशांवर अर्धा तास ठेवलं की विकरं (एन्झाइम) त्यांचे आणखी तुकडे करतात, आणि फेस धरायला नेमकी ती मध्यम आकाराची प्रथिनं उरत नाहीत. पुढच्या खेपेला सरळ ६६-६७ अंशांवर तासभर ठेवा. नुसत्या या एका बदलाने फरक पडतो का, ते बघण्यासाठी बाकी काही बदलू नका.

त्यानेही भागलं नाही तर एकूण धान्याच्या दहा टक्के गव्हाचं माल्ट घाला. गव्हात फेसाला उपयोगी प्रथिनं भरपूर असतात, आणि दहा टक्क्यांत चव फारशी बदलत नाही. ओट्सबद्दल माझा अनुभव संमिश्र आहे. ओट्सने बिअरला अंग येतं, पण त्यांत तेलही असतं. म्हणून फेसासाठी मी गहूच निवडतो. हॉप्सचं काम दुहेरी. उकळताना त्यांतून जे कडू द्रव्य तयार होतं, ते प्रथिनांना एकमेकांशी बांधतं. ग्लासाच्या आत चिकटणारी ती जाळी याच बांधणीची. म्हणून त्याच माल्टची कडू बिअर गोडसर बिअरपेक्षा चांगला फेस धरते. उकळीच्या अगदी शेवटी किंवा नंतर टाकलेले हॉप्स सुगंध देतात, कडवटपणा कमी देतात. सगळेच हॉप्स शेवटी टाकत असाल तर थोडे उकळीच्या सुरुवातीला टाका.

एक गोष्ट पुस्तकांत चटकन सापडत नाही, पण ती मी वारंवार पाहिली आहे. फेस धरणारं द्रव्य एकदा फेसात वर गेलं की पुन्हा तितकंसं कामाला येत नाही. आंबताना बिअर उतू जाऊन फेस बाहेर पडला, बाटल्या भरताना धबधब्यासारखी ओतली, नळीतून फसफसत नेली, की प्रत्येक वेळी थोडी पुंजी खर्च होते. म्हणून आंबायच्या भांड्यात वर चांगली चतुर्थांश जागा मोकळी ठेवा आणि नंतर बिअर हलवताना तिला आवाजसुद्धा करू देऊ नका. ग्लासात ओतेपर्यंत फेस जपून ठेवायचा.

यीस्टही फेस बिघडवू शकतं. कमी यीस्ट घातलं, फार गरम आंबवलं किंवा बिअर गाळावर महिनोन्महिने ठेवली, की थकलेल्या पेशींतून प्रथिनं तोडणारं विकर बाहेर येतं. दुकानातली बरीच बिअर पाश्चराइझ केलेली असते, त्यामुळे तिथे ते थांबतं. आपली जिवंत असते, तिच्यात ते बाटलीतही काम करत राहतं. दुसऱ्या महिन्यात फेस छान होता आणि सहाव्या महिन्यात नाही, असं झालं तर संशय याचा घ्या. २० लिटरला कोरड्या यीस्टचं एक ११ ग्रॅमचं ताजं पाकीट साधारण ताकदीच्या एलला पुरतं. अर्धं पाकीट वापरून बाकीचं फ्रीजमध्ये जपून ठेवण्यात काही वाचत नाही.

आता हातातल्या बाटल्यांचं काय करायचं. फसफसणाऱ्या कोणत्या ते उघडल्याशिवाय कळणार नाही, म्हणून आधी सगळ्यांनाच संशयित धरा. सगळ्या बाटल्या झाकणाच्या पेटीत घालून घरात २० अंशांवर आणा. पेटी मुलांच्या वावरापासून लांब ठेवा, आणि उघडताना चष्मा किंवा गॉगल घाला, हातावर जाड टॉवेल घ्या. दहा दिवसांनी दोन बाटल्या पेटीतून काढून तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवा आणि उघडा. दोन्हींचा गॅस वाढलेला दिसला तर बाकीच्यांना आणखी आठवडा द्या. एखादी उसळलीच, तर पेटीतल्या सगळ्या लगेच थंड करा आणि थंडच ठेवा.

मिळमिळीत बाटल्या उघडून त्यांत साखर घालावी का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. करता येतं, पण तुमच्या घाण्यात मी करणार नाही. कोणत्या बाटलीत आधीच किती साखर आहे हे आपल्याला माहीत नाही. सरसकट दीड-दीड ग्रॅम घातलीत तर ज्या बाटल्यांत पाक जास्त गेलाय त्यांचा दाब धोक्याच्या वर जाईल. शिवाय गॅस असलेल्या बिअरमध्ये साखरेचे दाणे पडले की ती क्षणात उतू जाते, आणि उघडल्यामुळे आत हवा जाते ती वेगळीच.

त्याऐवजी हे करा. त्या बाटल्यांत लिटरला दोन-अडीच ग्रॅम गॅस असणार, म्हणजे यॉर्कशरच्या पबातल्या बिटरइतका किंवा थोडा जास्तच. त्यांना फ्रीजमधून काढून १२ अंशांपर्यंत येऊ द्या. वॉशिंग सोड्याने धुतलेला ग्लास घ्या, गाळ मागे ठेवून हळू ओता. मग औषधांच्या दुकानातली नवी, बिनसुईची २० मिलिलिटरची सिरिंज स्वच्छ धुऊन तिच्यात ग्लासातलीच थोडी बिअर ओढा आणि तोंड बिअरच्या पृष्ठभागाखाली धरून जोराने परत सोडा. दोन-तीन वेळा केलंत की बारीक बुडबुड्यांचा ढग उठतो आणि हळूहळू वर येऊन सायीसारखा बसतो. स्पार्कलरची चकती जे करते तेच हे. फेस पाच मिनिटं टिकला तर तुमच्या माल्टमध्ये आणि हॉप्समध्ये काही कमी नाही, कमी होता तो गॅस आणि फेस मोडत होता तो ग्लास, आणि पुढच्या घाण्याला १३० ग्रॅम साखर नीट मिसळलीत की पुरे. तो इथेही बसला, तर ५० अंशांचा तो अर्धा तास आधी काढून टाका. काय निघालं ते मला जरूर कळवा, आणि ग्लास कशाने धुतला होता तेही लिहा.